सोनार आणि सराफ
'सोनार' हा शब्द 'सुवर्णकार', म्हणजे सोने घडवणारा, या संस्कृत शब्दापासून प्राकृतातून मराठीत आला असून, 'कुंभकारा'चा 'कुंभार' आणि 'लोहकारा'चा 'लोहार' होतानाही त्यातला 'क' असाच गळालेला दिसतो. सोनाराला सर्रास 'सराफ' म्हटले जाते, ते मात्र योग्य नाही. कारण अरबीतून आलेला तो शब्द मुळात नाणी पारखून बदलून देणाऱ्या व्यापाऱ्याचा आहे, तर सोनार हा मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या लहानशा भांड्यात, सोने ठेवून फुंकणीने विस्तव फुलवणारा कारागीर होय. सोने घासून पाहण्याच्या त्याच्या काळ्या दगडाला 'कसोटी' म्हणतात, आणि धैर्याची कसोटी लागली असे लिहिणाऱ्याच्या हाती नकळत तोच दगड असतो. बोचणारी गोष्ट अधिकारी माणसाने सांगितली तरच पटते, या अर्थाची 'सोनारानेच कान टोचावेत' ही म्हणही, बारीक तारेने बाळाच्या कानाची पाळी अलगद टोचणाऱ्या खऱ्याखुऱ्या हातावरून आली आहे. आपल्या धंद्याची परिभाषा अभंगात आणणारे पंढरपूरचे संत नरहरी आजही 'नरहरी सोनार' याच नावाने ओळखले जातात.