प्राचार्य महाशय, जरा मागच्या भिंतीकडे या!

नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात नॅकची मूल्यांकन समिती येणार म्हटले, की त्या आवारात जी धांदल उडते ती लग्नघरालाही लाजवील. झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टे बसतात. हिरवा आणि निळा असे दोन कोरे करकरीत डबे प्रवेशद्वाराशी पहाऱ्याला उभे राहतात. गांडूळखताच्या हौदावर नवी पाटी चढते आणि मग पाटीचे, डब्यांचे, हौदाचे अक्षांश-रेखांशासकट फोटो काढून सातव्या निकषाच्या अहवालाला डकवले जातात. शाल-श्रीफळ घेऊन समिती गेली, श्रेणीचे पेढे वाटून झाले, की पंधरवड्याच्या आत हौदात गांडुळांच्या जागी चहाचे कप पडू लागतात आणि निळा डबा स्टाफरूमच्या मागे पाणी साठवायला जातो. प्रमाणपत्र मात्र पुढच्या फेरीपर्यंत प्राचार्यांच्या खुर्चीमागे झळकत राहते: हरित परिसर!

आम्ही म्हणतो, ती चौकट क्षणभर भिंतीवरून उतरवा आणि हातात घेऊन आवाराच्या मागच्या भिंतीकडे चला. तिथे तुमचा खरा अहवाल पडलेला आहे. अर्धवट जळालेल्या स्पायरल बायंडिंगच्या वेटोळ्या आहेत. मागच्या महिन्यातल्या ‘राष्ट्रीय परिसंवादा’च्या फ्लेक्सची चिंधी आहे आणि तिच्यावर उद्‌घाटकांचा अर्धा चेहरा अजून हसतो आहे. वेफर्सच्या चकचकीत पुड्या आहेत, थर्माकोलच्या द्रोणांचा काळा गोळा झालेला आहे, प्रयोगशाळेतली फुटकी काच आहे आणि या सगळ्यावर कॅन्टीनमधल्या उरल्यासुरल्या भाजीचा थर आहे. गाय त्यातली पिशवी भाजीसकट गिळते. उरलेल्याला संध्याकाळी सफाई कामगार काडी लावतो. का लावतो? कारण त्याला तसे सांगितलेले असते. ‘लावून टाक’ हे दोन शब्द म्हणजे आमच्या उच्चशिक्षणसंस्थांचे संपूर्ण घनकचरा धोरण! धूर जातो मुलींच्या वसतिगृहात आणि ठिणगी सोसतो तो कंत्राटी कामगार, ज्याला ना हातमोजा मिळालेला, ना वेळेवर पगार.

जिल्ह्यात सन्माननीय अपवाद आहेत. हा अग्रलेख त्यांच्यासाठी नाही. बाकीच्यांनी मात्र टोपी बसते का ते पाहावे.

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी उघड्यावर जाळले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन निघते, हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना आम्ही सांगावे लागत असेल तर त्यांनी आपली पदवी विद्यापीठाला परत पाठवावी. आणि कायदा तरी काय म्हणतो? घनकचरा व्यवस्थापन नियम आले ८ एप्रिल २०१६ रोजी. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या प्रत्येक संस्थेने कचरा जागेवरच वेगळा करावा, पुन्हा वापरात जाणारा माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना द्यावा आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच कुंपणाच्या आत जिरवावा, असे त्यात स्वच्छ लिहिले आणि त्यासाठी एका वर्षाची मुदत दिली. ती मुदत २०१७ मध्ये संपली! त्याच्या आधीच, २०१६ च्या डिसेंबरात, अल्मित्रा पटेल यांच्या खटल्यात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला साध्या प्रकारात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिक-थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. नगरपालिकेची पथके बाजारात भाजीवालीची पिशवी जप्त करून तिला दंडाने दमवतात. त्याच पथकाची पावले महाविद्यालयाच्या फाटकाशी मात्र अडखळतात. का? आत संस्थाचालक बसलेले असतात म्हणून? भाजीवालीला कायदा लागू आणि चेअरमनसाहेबांना सवलत, हा कोणत्या संहितेतला न्याय?

आता शिक्षणाचा तमाशा पाहा. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले आणि २००३ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम नेमला. कला असो, वाणिज्य असो, विज्ञान असो, पर्यावरणाची पायरी चढल्याशिवाय पदवी नाही. उत्तम! मग आमच्या महाविद्यालयांनी त्याचे काय केले? प्रकल्प केला. ‘घनकचरा : समस्या व उपाय’ या विषयावरचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. वरचे नाव आणि रोल नंबर बदलायचा, पान एकाच बाजूने छापायचे, पुढे पारदर्शक प्लॅस्टिकचे कव्हर, मागे जाड काळा पुठ्ठा, कडेला प्लॅस्टिकचे स्पायरल, आणि आभारपत्राला रंगीत किनार. पाठपोट छापलेला प्रकल्प ‘बरा दिसत नाही’ म्हणून परत करणारे महाभाग आम्हाला माहीत आहेत. गुण दिले जातात ते जाडीवर. वर्ग संपतो, गठ्ठे कपाटावर चढतात, कपाट भरले की कोठीत उतरतात, आणि एक दिवस रद्दीवाला हातगाडी घेऊन येतो. तो बिचारा फाटकाशीच बसून एकेक स्पायरल उपटतो, कव्हर फाडून बाजूला टाकतो आणि फक्त कागद तोलून नेतो, कारण प्लॅस्टिक मिसळलेला कागद पुढे कोणी घेत नाही. उपटलेली स्पायरले जातात कुठे? मागच्या भिंतीशी! कचऱ्यावरचा प्रकल्प स्वतःच कचरा होऊन जळतो आणि त्या कागदाचे वर्गीकरण ज्या एकमेव माणसाने केले तो शाळेची पायरीही न चढलेला असतो. गुण द्यायचेच असतील तर त्याला द्या.

हीच मंडळी हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर घेऊन दत्तक गावात जातात आणि तिथल्या बायाबापड्यांना स्वच्छतेचे धडे देतात. २ ऑक्टोबरला कोरे झाडू हातात घेऊन, आधीच झाडलेल्या जागेवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून झाडतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! आणि ते ब्रह्मज्ञान सांगायचे कुणाला? धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या माणसाला, ज्याच्या घरात पळसाच्या पानाची पत्रावळ जेवून झाली की उकिरड्यात जाते, उकिरडा खत होऊन शेतात जातो, बांबूची टोपली मोडली की चुलीत जाते. (कुरकुऱ्याच्या माळा आता तोरणमाळच्या टपरीवरही लटकतात, हे आम्ही विसरलेलो नाही, पण ती देणगी शहराची आहे.) त्याच पाड्यावरचा मुलगा शिकायला नंदुरबारला, शहाद्याला, तळोद्याला येतो आणि ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात त्याच्या हातात आपण थर्माकोलची ताटली देतो. संस्कृतीचा गौरव करणारे भाषण व्यासपीठावर, आणि त्या संस्कृतीची पत्रावळ दाराबाहेर!

वसतिगृहांची गोष्ट याहून वाईट, आणि तिथे सरकार थेट आरोपी आहे. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने जिल्ह्याच्या आणि शहरांच्या ठिकाणच्या शासकीय वसतिगृहांतले भोजन बंद करून त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या खात्यात पैसे टाकायचे ठरवले. मुले त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, वाटेत अडवली गेली. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार तेव्हाही होती. पण आणखी एक गोष्ट मुंबईत बसलेल्या एकाही सचिवाच्या डोक्यात आली नाही: सामूहिक भटारखाना बंद झाला की स्टीलचे ताटही बंद होते. त्याच्या जागी येते पार्सल. वरणाची एक पिशवी, भाजीची एक, चटणीची एक, वर गाठ मारलेली थैली. एक मूल, दोन वेळा, आणि वसतिगृहभर मुले. जिथे कढईत शिळे उरले तर ते निदान गुराढोरांना जात होते, तिथे आता खरकट्याने माखलेले प्लॅस्टिक निघते, जे रद्दीवाला घेत नाही, गांडूळ खात नाही आणि धुवायला नळाला पाणी नाही. धोरण आखणाऱ्यांनी कचरा निर्माण केला आणि दोष मात्र ‘मुलांना शिस्त नाही’ म्हणून मुलांच्या माथी!

आणि ती कुलूप लावलेली खोली? प्रत्येक संस्थेत ती एक असतेच. आत मेलेले संगणक, फुगलेल्या बॅटऱ्यांचे यूपीएस, जुने काचेच्या नळीचे मॉनिटर, ज्यांच्या काचेत शिसे असते, एकावर एक रचलेले. विचारा, हे इथे का? उत्तर ठरलेले: ‘डेडस्टॉकला नोंद आहे, निर्लेखन व्हायचंय.’ निर्लेखन समितीची बैठक होत नाही, कारण सही कोणी करायची हे ठरत नाही. वर्षांनुवर्षे उंदीर त्या खोलीत पिढ्या वाढवतात. मग एखाद्या मे महिन्यात, नवे प्राचार्य आले की, सगळा माल लिलावात भंगारवाल्याला जातो आणि तांब्यासाठी वायरी कुठल्या तरी नाल्याकाठी जाळल्या जातात. ई-कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचा हा नियम १ एप्रिल २०२३ पासून नव्याने कडक झाला आहे. तो वाचलेला एक तरी रजिस्ट्रार आम्हाला दाखवा, आम्ही त्याचा सत्कार करू. फ्लेक्स न लावता.

‘निधी नाही’ ही हाकाटी आता पुरे. दोन खड्ड्यांत आलटून पालटून ओला कचरा भरायला कुदळ लागते, घमेले लागते आणि एका माणसाचा पगार लागतो. परिसंवादाच्या कमानीला निधी असतो, पाहुण्याच्या सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या पुष्पगुच्छाला असतो, पाण्याच्या चिमुकल्या बाटल्यांच्या पेट्यांना असतो. कुदळीलाच कसा नसतो? आणि वर्गीकरण जमत नाही म्हणाल, तर नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जाऊन पाहा. दवाखान्याचा कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या अशा चार भागांत वेगळा करणे आणि ४८ तासांत प्रक्रियेला पाठवणे देशातल्या लहानसहान रुग्णालयांनाही बंधनकारक आहे. बारावी झालेली परिचारिका सुई एका डब्यात आणि कापूस दुसऱ्यात टाकू शकते, पीएच.डी. झालेल्या विभागप्रमुखाला केळीची साल आणि बाटली वेगळी ओळखता येत नाही काय?

विद्यापीठ काय करू शकते याचा धडा अमेरिकेतून आणायला नको. १९९० च्या सुमारास पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली माणसे कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसली. साक्षरतेचा वर्ग घ्यायला गेलेल्यांना कळले, की या बायकांना बाराखडीच्या आधी उकिरडा उपसण्याची वेळ टळायला हवी आहे. कचरा मुळातच वेगळा मिळाला तर पाठीवरचे ओझे, हाताच्या जखमा आणि कुत्र्यांशी झुंज तिन्ही कमी होतील. त्यातून १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे महापालिकेच्या शिक्क्याची ओळखपत्रे मिळाली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. एका विद्यापीठाच्या एका छोट्या विभागाने हे केले! तिकडे वेंगुर्ल्यासारख्या लहान नगरपालिकेने आपल्या डम्पिंग ग्राउंडचे पाहण्यासारखे ठिकाण केले. आमच्या जिल्ह्यातल्या समाजकार्य आणि समाजशास्त्राच्या विभागांनी भंगार वेचणाऱ्या किती बायकांना आवारात बोलावून खुर्ची दिली?

जळगावला बसलेल्या आमच्या मातृविद्यापीठालाही मोकळे सोडता येणार नाही. १९९० साली गिरणेकाठच्या उजाड टेकाडावर आलेल्या या विद्यापीठाने तिथे झाडी उभी करून दाखवली, हे आम्ही मान्य करतो. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, एका शेतकरणीचे, जिच्या घराण्यात उकिरडा ही शरमेची बाब नव्हती, गाड्यांनी मोजायची मिळकत होती. मग ही जिद्द कुंपणाबाहेर, नंदुरबारच्या संलग्न महाविद्यालयांपर्यंत का पोचत नाही? संलग्नता समित्या येतात, ग्रंथालयातली पुस्तके मोजतात, शौचालयांची दारे उघडून पाहतात. त्यांनी न सांगता यावे, फाटकातून न येता मागच्या बाजूने यावे आणि राख दिसली तर त्या वर्षी नव्या तुकडीची परवानगी रोखावी. पाहा मग कसे खड्डे आठ दिवसांत खणले जातात!

राहिले विद्यार्थी. ज्या नंदुरबारच्या चौकात ९ सप्टेंबर १९४२ रोजी पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना सामोरे गेले, तिथल्या मुलांना प्राचार्यांच्या दालनात जाऊन ‘आमच्या वसतिगृहात धूर का येतो?’ एवढे विचारायला भीती वाटावी, हे आम्हाला पटत नाही. विचारा! लेखी विचारा आणि पोच घ्या. आणि या सत्रातला पर्यावरणाचा प्रकल्प हाताने लिहा, पानाच्या दोन्ही बाजूंनी लिहा, दोऱ्याने शिवा, विषय आपल्याच आवाराची मागची भिंत घ्या. जो प्राध्यापक तो ‘स्पायरल नाही’ म्हणून परत करील, त्याचे नाव, विषय आणि हुद्दा आमच्याकडे पाठवा. पहिल्या पानावर छापू.