टिपलेली रेघ

शाईचे पेन वापरलेल्या माणसाला टिपकागदाची एक गंमत आठवत असेल. वहीवरची ओली अक्षरे त्यावर उलटी उठत. काही फुगलेली, काही तुटलेली, काही निम्मी गायब. पुष्कळदा ती मूळ अक्षरांपेक्षा देखणी दिसत! आपल्या भाषेने या क्रियापदाला कामही किती दिले आहे पाहा. पाखरू दाणा टिपते, शिकारी सावज टिपतो, कारकून मुद्दे टिपून घेतो आणि सासरी निघालेली लेक डोळे टिपते. मराठी शिकवणाऱ्या बाईला एवढे विषयांतर माफ असावे.

तर या उलट्या अक्षरांच्या गमतीवर अँडी वॉरहॉल (१९२८ ते १९८७) या चित्रकाराने काही वर्षे आपले पोट भरले. पुढे तो सुपाच्या डब्यांच्या चित्रांनी जगभर गाजला. पण १९४९ मध्ये न्यू यॉर्कला आला तेव्हा तो जाहिरातींची चित्रे काढणारा एक होतकरू तरुण होता. १९५५ पासून आय. मिलर या पादत्राणांच्या दुकानासाठी त्याने काढलेले बूट वर्तमानपत्रांत झळकले, ते याच टिपलेल्या रेघेतले. चित्रांखालची वळणदार अक्षरे पुष्कळदा त्याची आई ज्युलिया काढून देई. घरचा धंदा म्हणतात तो असा!

या कामाला यंत्र लागत नाही. शेगावच्या कोणत्याही कागद-पेन्सिलीच्या दुकानात सामान मिळते. एक ट्रेसिंग पेपर, एक जाडसर ड्रॉइंग पेपर, चिकटपट्टी, टाक आणि पाण्याने न विरघळणारी काळी शाई. (कचोरी बांधून आणलेला कागदही तेलाने छान पारदर्शक होतो, असे आमच्या चिरंजीवांचे संशोधन आहे. ते ऐकू नये!) ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने चित्र काढावे आणि तो उलटा करावा. चित्र पाठीमागून दिसतेच. आता तो ड्रॉइंग पेपरच्या डाव्या कडेला पुस्तकाच्या पानासारखा चिकटपट्टीने जोडावा. दिसणाऱ्या रेघेवर बोट-दीड बोट लांबीपुरतीच शाई फिरवावी, पान मिटावे, बोटाने दाबावे, उघडावे. मग पुढचा तुकडा. बिजागरीमुळे पान दर वेळी अचूक त्याच जागी पडते.

कागद उलटा करण्याची पायरी गाळली, तर 'शुभ दीपावली' आरशात वाचावी लागेल. आणि पंखा बंद ठेवावा. आमच्या वऱ्हाडी हवेत शाई टाकावरच वाळते. वैशाखात तर हा उद्योग पहाटेच करावा. शाई फार झाली की थारोळे होते, कमी झाली की रेघ उठतच नाही. या दोहोंच्या मधले प्रमाण पाच-सहा कागद खर्ची घातल्यावर हाताला कळते.

हे सारे मी घरात आणले ते मामंजींसाठी. ते चित्रकलेचे मास्तर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी कितीतरी मुले त्यांच्या हाताखालून गेली. दर दिवाळीला नातेवाइकांना स्वतः काढलेली कार्डे पाठवण्याचा त्यांचा नेम होता. तीन वर्षांपूर्वी उजवा हात कापू लागला आणि नेम मोडला. टाक, दौत सगळे त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले, आणि त्या विषयावर घरात कोणी बोलायचे नाही असा न बोलता कायदा झाला.

मी मुलासाठी म्हणून टेबलावर पसारा मांडला. दोन दिवस त्यांनी नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी येऊन बसले आणि जुन्या टांग्याचे चाक काढले. पेन्सिलीची रेघ थरथरली होती, शाईचीही थरथरली. पान उघडले तेव्हा मात्र सगळेच चाक तुटक-फुगीर उठले होते. त्यात हाताची थरथर कुठली आणि कागदाची करणी कुठली, सांगता येईना.

मामंजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. म्हणाले, "सूनबाई, ही लबाडी आहे. हे छाप्याच्या रांगोळीसारखे झाले."

"छाप्याची रांगोळी दारोदार सारखी असते, मामंजी. हे चाक पुन्हा असेच काढून दाखवा बरे."

त्यांनी काढले. तीच पेन्सिलीची रेघ, पुन्हा शाई, नवा कागद. दुसरे चाक वेगळेच आले. आऱ्यांपैकी दोन उठल्याच नाहीत. तिसऱ्यात घोडा आला. घोड्याचे पुढचे पाय त्यांना पसंत नव्हते, म्हणून चौथा. ते त्याला अजून लबाडीच म्हणतात, आणि मला वाटते ते अगदीच चुकीचे नाही. चाळीस वर्षे ज्याने मुलांना एका दमात रेघ ओढायला शिकवले, त्याने तुकड्या-तुकड्याने ओढलेली रेघ आपली कशी म्हणावी? कार्डांवर त्यांनी सही केलेली नाही. सहीच्या जागी नातवाने जलरंगाने पिवळी पणती काढायची, असे ठरले आहे.

सतरा कार्डे वाळत पडली आहेत. निब धुवायची राहिली होती, ती रात्री अकरा वाजता मामंजींनीच उठून धुतली, आणि मला बजावले की उद्या कॉलेजातून येताना याहून जाड अशा दोन घेऊन ये.