झाकलेलं पाणी

ऑक्टोबरची सुरुवात होती. मी न्यू जर्सीला मुलीकडे गेले होते. दुपारी पोळ्या लाटता लाटता सहज खिडकीबाहेर नजर गेली, तर चार वर्षांचा नातू मागच्या अंगणात एकटाच! त्याचा चेंडू घरंगळत पोहण्याच्या तलावावरच्या ताडपत्रीवर जाऊन बसला होता. ताडपत्रीवर मेपलची पानं पसरलेली. त्याला ते अंगणच वाटलं असणार. मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. त्याचा एक पाय ताडपत्रीवर पडला होता आणि ती खाली दबत होती. दंडाला धरून मागे ओढलं, तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

संध्याकाळी घरात फारसं कुणी बोललं नाही. तलाव घराबरोबरच आलेला आणि ताडपत्रीही आधीच्या मालकांची. जावई एवढंच म्हणाले, "आई, कुंपण आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो." कुंपण होतंच, पण ते शेजारच्या मुलांना अडवतं. आपलं मूल मागच्या दारातून थेट आतच उतरतं.

तिकडे असे तलाव साधारण मे अखेर ते सप्टेंबर वापरतात. मग थंडीसाठी ते झाकून ठेवायचे. कशाने झाकायचे, हा प्रश्न आम्ही आजवर पानं आणि कचरा पडू नये एवढ्यापुरताच पाहिला होता. त्या दिवसापासून तो वेगळा दिसू लागला. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण बुडणं हेच आहे.

बाजारात पाहिलं तर तीन प्रकार. पहिला आमच्याकडे होता तोच : साधी ताडपत्री, कडेने पाणी भरलेल्या लांब पिशव्यांच्या वजनाने दाबलेली. स्वस्त आणि पसरायला सोपी. पण पावसाचं नि वितळलेल्या बर्फाचं पाणी तिच्यावर साचतं. लहान मूल बुडायला काही इंच पाणीही पुरतं. शिवाय कडेची पिशवी सरकली की मूल ताडपत्रीखालीच जातं आणि वरून काहीच दिसत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे फुगे-फुगे असलेली निळी प्लास्टिकची चादर. ती उन्हाळ्यात पाण्याची ऊब टिकवण्यासाठी असते. नुसती पाण्यावर तरंगते, तिला कुठेच आधार नसतो. हिवाळ्यासाठी तिचा विचारही करू नये.

तिसरा प्रकार म्हणजे सेफ्टी कव्हर. तलावाभोवतीच्या फरशीत भोकं पाडून पितळी खुंट्या बसवतात आणि कव्हरचे पट्टे स्प्रिंगांनी त्यांना ताणून अडकवतात. उन्हाळ्यात खुंट्या फिरवून फरशीच्या पातळीत खाली बसवता येतात, म्हणजे पायाला ठेच लागत नाही. या कव्हरसाठी तिकडे एएसटीएम एफ १३४६ हे मानक आहे. आठ फुटांपेक्षा रुंद तलावावरच्या कव्हरने ४८५ पौंड, म्हणजे सुमारे २२० किलो वजन पेललं पाहिजे. हा आकडा का, तर दोन मोठी माणसं आणि एक मूल यांचं ते वजन. मूल कव्हरवर गेलं तर त्याच्यामागे कुणीतरी धावणारच, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ते वाचून मला भरून आलं.

यातही जाळीचं की सलग, हा प्रश्न उरतो. सलग कव्हर ऊन अडवतं, म्हणून वसंतात पाणी स्वच्छ राहतं. पण वर साचणारं पाणी उपसायला पंप लागतो किंवा मध्ये निचऱ्याची जाळी असावी लागते. पंप लावायचा राहिला की पुन्हा डबकं! जाळीच्या कव्हरमधून पाणी खाली झिरपून जातं. त्यातून बारीक माती नि थोडं ऊन आत शिरतं, म्हणून वसंतात शेवाळ जरा जास्त काढावं लागतं. मुलीने जाळीचंच घेतलं. शेवाळ घासता येतं, असं तिचं म्हणणं.

खरेदी करताना या गोष्टी पाहाव्यात :

मानकाचं लेबल कव्हरवर आहे ना, ते स्वतः वाचावं. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये.

माप तलावाचं नीट घ्यावं. कव्हर कडेच्या फरशीवर चांगलं फूटभर तरी यायला हवं. वाकड्यातिकड्या आकाराच्या तलावाला ते मापाने शिवून घ्यावं लागतं.

नळांतलं पाणी काढून टाकावं, नाहीतर ते गोठून नळ फुटतात. मात्र तलाव पूर्ण रिकामा करू नये. जमिनीखालच्या पाण्याच्या दाबाने तो वर उचलला जाऊ शकतो.

पट्टे नि स्प्रिंगा दर हिवाळ्यात तपासाव्यात. एक जरी सुटलेली असेल तरी तिथे फट पडते.

सेफ्टी कव्हर ताडपत्रीपेक्षा कितीतरी महाग पडतं. पण ते नीट वापरलं तर बरीच वर्षं टिकतं. ताडपत्री मात्र काही हिवाळ्यांतच विरते. आणि कव्हर कितीही चांगलं असलं तरी मागच्या दाराला, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी उंच कडी हवीच. ती जावयांनी दुसऱ्याच दिवशी बसवली.

नातवंडं सांभाळायला परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांनी पोहोचताच घराचं मागचं अंगण एकदा फिरून पाहावं. आणि इथे राहणाऱ्यांनीही आपल्या अंगणातली जमिनीखालची टाकी आठवावी. तिच्यावर गंजलेला पत्रा आहे की कुलूप लावता येईल असं भक्कम झाकण? उघडं पाणी निदान दिसतं तरी. नुसतं लपवलेलं पाणी जास्त फसवं.