खेळांतील शिपाई आणि त्यांच्या बैठका

यंदाच्या स्नेहसंमेलनांत इतिहासाच्या खोलींत असईच्या लढाईचा जो देखावा मांडला होता, तो पहिल्या दिवशीं पाहणाऱ्यांनीं वाखाणला आणि दुसऱ्या दिवशीं पाहणाऱ्यांस त्याची कींव आली. रात्रींतून पुठ्ठ्याच्या बैठका पापडासारख्या वांकल्या होत्या आणि शिंद्यांच्या पायदळांतले निम्मे शिपाई आडवे झाले होते. शिवाय आठवींतल्या एका मुलाचीं दोन बोटें एकमेकांस चिकटलीं, त्या वेळीं झालेला आकांत पुष्कळांनीं ऐकलाच असेल. "असल्या खेळांत पैसा आणि वेळ कशाला दवडावा?" असें एका पालकांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न रास्त होता. परंतु आमच्या मतें दोष खेळाचा नव्हता. शिपाई कशावर उभा करावा आणि कशानें चिकटवावा, या दोन गोष्टी अगदीं शेवटच्या दिवसावर टाकल्या गेल्या, हा दोष होता. आणि तो मुलांपेक्षां आम्हां शिक्षकांकडे अधिक येतो.

या खेळास पोरखेळ म्हणणें बरोबर नाहीं. प्रशियाच्या सैन्यांतील राइस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशावर लढाई खेळण्याचे नियम प्रसिद्ध केले, आणि तेथील अधिकाऱ्यांच्या शिक्षणांत त्यांचा उपयोग झाला. पुढें एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हें पुस्तक लिहून हा खेळ घरच्या जमिनीवर आणला. त्या काळीं इंग्लंडांत विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यांतले पोकळ शिशाचे शिपाई मिळत. पोकळ ओतकामाची ती रीत तेथें १८९३ पासून चालू होती. ते शिपाई सुमारें ५४ मिलिमीटर उंच, आणि पायाखालची बैठक त्याच धातूंत ओतलेली. वेल्सचे गडी स्प्रिंगच्या तोफेंतून लांकडी तुकडे मारून शिपाई पाडीत. पडणें हा त्या खेळाचा नियमच होता. आमचे शिपाई कोणीं न मारतां पडले.

आतांचे बहुतेक शिपाई १५ किंवा २८ मिलिमीटरचे असतात. पंधराचा शिपाई म्हणजे करंगळीच्या पेराहूनहि लहान. त्याच्या पायाखालीं नखाएवढी चकती असली तर असते. तेवढ्यावर तो उभा राहत नाहीं. म्हणून वेगळी बैठक द्यावी लागते. बैठकीचें पहिलें काम अर्थातच त्याला उभा ठेवण्याचें. दुसरें काम असें कीं, खेळतांना बोटांनीं बैठक धरावयाची, शिपाई नव्हे. एरवीं चार खेळांत रंग उडतो आणि भाला वांकतो. परंतु तिसरें काम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, आणि तेंच मुलांस कोणीं सांगितलें नव्हतें. शिपायानें रणांगणावर किती जागा अडविली, हें बैठक सांगते.

असईचेंच उदाहरण घेऊं. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं वेलस्ली केळणा नदी उतरून बाजूनें आला, तेव्हां पोलमन नांवाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालचें शिंद्यांचें कवायती पायदळ आपली सारी रांग फिरवून त्याच्यासमोर तोंड करून उभें राहिलें. इतक्या शिस्तीनें हें होईल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. तें पायदळ खांद्यास खांदा लावून उभें राहणारें होतें. मोकळें घोडदळ तसें नव्हे. आमच्या देखाव्यांत मात्र प्रत्येक शिपाई आपापल्या तुकड्यावर, कोणाचा तुकडा मोठा, कोणाचा लहान. परिणामीं शिंद्यांच्या पलटणी आठवड्याच्या बाजारासारख्या दिसत होत्या! प्राचीन व मध्ययुगीन लढायांसाठीं १९९० सालीं निघालेल्या डी. बी. ए. या इंग्रजी नियमावलींत १५ मिलिमीटरच्या शिपायांची प्रत्येक बैठक ४० मिलिमीटर रुंद ठेवली आहे. दाट रांगेनें लढणारे चार शिपाई तिच्यावर उभे करतात, विखरून लढणारे दोनच. रुंदी एकच असल्यानें माप सोपें, आणि माणसांच्या दाटीवरून सैन्याचा प्रकार दुरूनहि ओळखूं येतो. ही नियमावली असईच्या काळासाठीं नाहीं, तरी एवढी युक्ति उसनी घेण्यास हरकत नसावी. शिवाय दोनशें शिपाई एकेक करून फिरवावयाचे म्हटले तर एक तास त्यांतच जातो. चौघांच्या पन्नास बैठका फिरविण्यास फारसा वेळ लागत नाहीं. पोलमनची रांग कशी फिरली असेल, हें मुलास तेव्हां हातानें कळतें.

आतां बैठक कशाची? लग्नपत्रिकेचा पुठ्ठा फुकट मिळतो, पण त्याच्या वरच्या बाजूस ओला डिंक व वाळू लावली कीं सुकतांना तो थर आकसतो आणि पुठ्ठ्याच्या कडा वर ओढतो. आमचें रहस्य एवढेंच होतें. खालच्या बाजूसहि डिंकाचा पातळ हात फिरविला असता तर बरेंच निभावलें असतें. आमची पसंती दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफला आहे. सुताराकडे त्याचे तुकडे पडलेले असतात. तो पुठ्ठ्याइतका सहज वांकत नाहीं, मात्र भिजला तर फुगतो. आणि त्याचा भुसा छातींत जाणें वाईट, म्हणून कापणें-घांसणें मोकळ्या हवेंत व तोंडास फडकें बांधून करावें. हलक्या प्लॅस्टिकच्या घोडेस्वाराचा तोल जात असेल तर बैठकीखालीं लोखंडी वायसर चिकटवावा.

डिंकाविषयीं आमचें मत थोडें कडक आहे. थेंब टाकतांच चिकटणारा जो डिंक मुलांस फार आवडतो, त्याचें रसायन हॅरी कूव्हर या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या हातीं १९४२ सालीं आलें. बंदुकीच्या नेमासाठीं पारदर्शक प्लॅस्टिक शोधतां शोधतां तें सांपडलें, आणि सगळ्यालाच चिकटतें म्हणून टाकून दिलें गेलें. १९५१ सालीं त्याची पुन्हां आठवण झाली व १९५८ सालीं तें बाजारांत आलें. हवेंतला व वस्तूवरचा ओलावा लागला कीं तें घट्ट होतें. बोटांस ओलावा असतोच, म्हणून बोटें आधीं चिकटतात. सांधा कडक होतो, पण ठिसूळ. मेज हललें कीं धातूचा शिपाई टक्कन सुटतो. कापसावर किंवा सुती कपड्यावर तें सांडलें तर इतकें तापतें कीं भाजतें. बोटें चिकटलीं तर ओढूं नयेत, कोमट साबणाच्या पाण्यांत धरून हळूहळू सोडवावीं. डोळ्यांत गेलें तर तडक डॉक्टरांकडे जावें. हा डिंक लहान वर्गांतील मुलांच्या हातीं यापुढें देऊं नये, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

सुताराचा पांढरा डिंक, ज्याला आपल्याकडे १९५९ पासून बाजारांत असलेल्या फेविकॉलच्या नांवानेंच ओळखतात, तो सावकाश वाळतो. हाच त्याचा गुण. शिपाई वांकडा बसला तर सरकवितां येतो, आणि पुढें बैठक बदलावीशी वाटली तर पाण्यांत भिजवून सोडवितां येतो. हलके प्लॅस्टिकचे शिपाई लांकडी बैठकीवर बसविण्यास व वाळू चिकटविण्यास तो पुरेसा आहे. धातूच्या जड शिपायांस मात्र दोन नळ्यांतले पदार्थ समभाग मिसळून करावयाचा एपॉक्सी उत्तम; पण तो कातडीस लागूं देऊं नये, आणि तें काम मोठ्यांनीं हातमोजे घालून करावें. कोणताहि डिंक लावण्यापूर्वीं तळवा कानशीनें खरवडावा. पॉलिस्टायरीनचें प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा जो द्रव मिळतो तो शिपायाचे हातपाय जोडण्यास छान, पण लांकडाच्या बैठकीवर निरुपयोगी. पिशवींतून स्वस्त मिळणारे मऊ प्लॅस्टिकचे शिपाई कशानेंच नीट चिकटत नाहींत. त्यांच्या पायांत बारीक तार खुपसून ती बैठकींत रोवावी.

एका मुलानें विचारलें, हेच शिपाई दिवाळींतल्या किल्ल्यावर मांडले तर? मांडूं नयेत. किल्ल्यावरचे मातीचे मावळे आपल्या मातीच्या बैठकीसह ओल्या चिखलांत सुखानें उभे राहतात. एमडीएफ व पांढरा डिंक दोन दिवसांत राम म्हणतील.

ज्या पालकांनीं प्रश्न विचारला त्यांस आमचें उत्तर असें. पैसा मुलांनीं खाऊच्या पैशांतून जमविला होता, आणि बरेच शिपाई अजून धड आहेत. नीट बैठकीवर बसले तर ते आतां पांचवींत असलेल्या मुलांच्याहि हातीं येतील. न बसले तर पुढल्या वर्षीं पुन्हां वर्गणी. म्हणून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास हें काम चालू केलें आहे. पहिल्या बारा बैठका गेल्या शनिवारीं झाल्या. पांढरा डिंक पुरता वाळावयास रात्र जाते, तेव्हां इतिहासाच्या खोलीच्या खिडकींत ठेवलेल्या बैठकांस सोमवारपर्यंत कोणीं हात लावूं नये.