पाण्यानं बाटलेली पोर्श

पोर्श ९११ च्या भक्तांत एक कडक सोवळा पंथ आहे. त्यांच्या मते खरी ९११ वारली १९९८ साली. त्या वर्षी ९९३ ही पिढी बंद झाली आणि हवेवर थंड होणारं इंजिन तिच्याबरोबर गेलं. १९९७ साली आलेल्या ९९६ नं इंजिनात पाणी घेतलं, म्हणजे बाटलीच की हो! वर पुढचे दिवे थेट बॉक्स्टर या स्वस्त, धाकट्या बहिणीचे. ‘तळलेली अंडी’ म्हणून हिणवतात त्यांना. (दिवे मलाही आवडत नाहीत, पण ते सोडा.)

मी पडलो बँकेतला कारकून. रूपाआधी मला खातं दिसतं. नव्वदीच्या सुरुवातीला श्टुटगार्टची ही पेढी बुडायच्या बेतात होती. ९९३ देखणी खरीच, पण घडवायला महाग. ९९६ नं बहिणीशी दिवे, दारं, बॉनेट सगळं वाटून घेतलं आणि घर सावरायला हातभार लावला. त्याचं बक्षीस काय, तर शिव्या! बरं, कर्तबगारी बघाल तर ९९३ ची सुरुवात ३.६ लिटरमधून २७२ अश्वशक्तीनं, हिनं ३.४ लिटरमधूनच ३०० काढली. इंजिनातलं एक बेअरिंग कधीकधी दगा देतं, कबूल. पण सोवळ्यांचा राग बेअरिंगवर कुठे आहे? तो पाण्यावर. आणि गंमत अशी, की तेव्हापासूनची प्रत्येक ९११ पाणीच पिते, आणि तिच्यासाठी हीच मंडळी नंबर लावून बसतात. मग काय, विटाळ फक्त पहिल्या घोटाचाच?