गर्भाशयांची मोजदाद झाली, हाडांचे काय?

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा २०१९ साली गवगवा झाला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आकडे छापून आले, हळहळ व्यक्त झाली आणि प्रकरण संपले असे मानण्यात आले. वास्तविक या स्त्रियांच्या शरीरात ते तेथूनच सुरू होते.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक केवळ प्रजननासाठी असते, हा समज चुकीचा आहे. मुख्यतः अंडाशयात तयार होणारे हे द्रव्य हाडे झिजविणाऱ्या पेशींना आवर घालते व रक्तवाहिन्यांचे आरोग्य राखण्यास साहाय्य करते. पाळी जाण्याच्या वयात त्याची पातळी काही वर्षांत उतरत जाते. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये काढली, तर ती काही दिवसांतच कोसळते. अंडाशये राखली तरी त्यांचे कार्य लवकर थांबण्याचा संभव वाढतो. मग तिशीतील बाईच्या वाट्याला अंगाची लाही, निद्रानाश आणि पुढे ठिसूळ हाडे व हृदयविकाराचा धोका येतो. आणि याच बाईने डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे!

दोष डॉक्टरांचा की बाईच्या अज्ञानाचा, हा वाद सोयीचा आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, खाडा झाला की दंड, फडावर ना न्हाणी ना संडास. अशा व्यवस्थेत पाळी हाच गुन्हा ठरतो. गर्भाशय काढण्याचा तो 'स्वेच्छेचा' निर्णय मजुरीच्या पद्धतीने आधीच घेतलेला असतो.

महाड तालुक्यातील तुडीलच्या वाचकाला बीड दूर वाटेल. परंतु पुरुष मुंबईला आणि भातलावणी बाईच्या कंबरेवर, हे चित्र महाड-पोलादपुरास अपरिचित नाही. कंबरेच्या दुखण्याला 'वय झाले' म्हणून वाटेस लावणारी दृष्टी दोन्हीकडे एकच आहे.

अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिले. पण ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊन गेली, त्यांचे काय? अकाली अंडाशये गमावलेल्या स्त्रीस, अन्य वैद्यकीय अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन देणे ही मान्य उपचारपद्धती आहे. ती, तसेच हाडांची व रक्तदाबाची नियमित तपासणी, सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली पाहिजे. खाड्याचा दंड कायद्याने बंद झाला पाहिजे. साखरेच्या भावात या हाडांची किंमत कधीच धरली गेलेली नाही. ती आता कारखान्यांकडून वसूल करा!