मेमरी नेमकी कोणाची कमी होती?

"तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, रॅम वाढवा." २०१५ च्या आधी ज्यांनी सायबर कॅफेत किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत बसून इंटरनेट वापरलं, त्यांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं आहे. ब्राउझरमध्ये जावा ॲप्लेट उघडायचं, आधी राखाडी चौकोन दिसायचा, मग काम अर्ध्यावर आलं की सगळं गोठायचं. दोष कोणाचा? कॉम्प्युटरचा, नाहीतर समोर बसलेल्या पोराचा. ॲप्लेट बनवणाऱ्याचं नाव कोणीच घ्यायचं नाही.

आमच्या अभ्यासिकेत दान मिळालेले दोन कॉम्प्युटर होते. भूमितीचं ॲप्लेट बंद पडलं की पोरं म्हणायची, "सर, आपल्याला नाही जमत हे." मग वर्गणी काढली, दुरुस्तीवाल्याला बोलावलं, एक जीबीची रॅम दोन जीबी केली. ॲप्लेट पुन्हा त्याच जागी बंद पडलं. पैसे गेले, आणि पोरांची खात्री पटली की चूक आपलीच आहे.

मित्रांनो, चूक त्यांची नव्हती. कॉम्प्युटरची तर नव्हतीच.

ब्राउझरमधलं जावा कॉम्प्युटरची सगळी रॅम वापरत नाही. ते स्वतःसाठी एक ठरावीक हिस्सा घेतं, त्याला हीप म्हणतात. त्या हिश्शाची कमाल मर्यादा आधीच ठरलेली असते. जावा ६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत साध्या घरगुती विंडोज कॉम्प्युटरवर ही मर्यादा ६४ एमबी होती. २०१० च्या १८ व्या अपडेटनंतर ती रॅमच्या प्रमाणात ठरू लागली, पण हिशेब एक जीबीपर्यंतच धरला जायचा. म्हणजे जास्तीत जास्त २५६ एमबी. त्यापुढे दोन जीबी टाका नाहीतर चार, ॲप्लेटला एक एमबीही जास्त मिळणार नाही. आमची वर्गणी अशी पाण्यात गेली.

उपाय फुकट होता. कंट्रोल पॅनलमध्ये जावा उघडायचं, त्यात जावा नावाच्याच टॅबवर 'व्ह्यू' दाबायचं आणि 'रनटाइम पॅरामीटर्स'च्या रकान्यात लिहायचं: वजा चिन्ह, मोठा एक्स, लहान एम, लहान एक्स, मग ५१२ आणि शेवटी लहान एम. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. मग ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. इतकंच. मात्र वाढवायचंच तर भरपूर, असं म्हणून कोणी २००० लिहिलं तर ३२ बिटच्या जावाला एवढी सलग जागा मिळायची नाही आणि ते सुरूच व्हायचं नाही.

खरा दोष कुठे आहे, हे तपासायचीही सोय होती. ॲडव्हान्स्ड टॅबमधून जावा कन्सोल चालू करायचा. 'आउट ऑफ मेमरी एरर, जावा हीप स्पेस' असं दिसलं तर मर्यादा कमी पडतेय. कन्सोलमध्ये एम दाबला की मेमरी किती वापरली ते दिसतं, जी दाबला की नको असलेली मेमरी मोकळी होते. जी दाबूनही वापर दर वेळी चढतच राहिला, तर प्रोग्राममध्येच गळती असण्याची शंका घ्यायची. तिथे आकडा वाढवून फक्त मरण लांबतं.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बनवणाऱ्याला कशी माहीत असणार? माहीत असायची गरजच नव्हती. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या जावा ६ च्या १० व्या अपडेटपासून ॲप्लेटला किती मेमरी लागेल, हे त्या वेबपेजवरच लिहिता येत होतं. 'जावा आर्ग्युमेंट्स' नावाचा एक पॅरामीटर, एक ओळ. जिओजेब्रा या गणिताच्या मोफत सॉफ्टवेअरने तयार केलेल्या ॲप्लेटच्या पानांत ही ओळ आपोआप यायची. म्हणजे ज्यांना वापरणाऱ्याची पर्वा होती, त्यांनी केलं. ज्यांनी केलं नाही, त्यांनी आपल्या एका ओळीचा आळस हजारो लोकांच्या डोक्यावर टाकला. वर सल्ला दिला, रॅम वाढवा!

समाजशास्त्रात याला नाव आहे. विल्यम रायन यांनी १९७१ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं, 'ब्लेमिंग द व्हिक्टिम'. रचनेतला दोष झाकायचा आणि भोगणाऱ्यालाच नालायक ठरवायचं. नवा कॉम्प्युटर घेऊ शकणारा घेऊन मोकळा होतो. ज्याच्याकडे दान मिळालेला आहे, तो स्वतःला दोष देत उठून जातो. सेटिंग एकच, पण ती न सांगण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

ॲप्लेट आता गेलं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचा आधार काढला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, आणि २०१८ च्या जावा ११ मधून ब्राउझरचं प्लगइनच हटवलं. पण "तुमचाच प्रॉब्लेम आहे" हे वाक्य गेलेलं नाही. उद्या एखादं ॲप किंवा फॉर्म बंद पडला की ते पुन्हा ऐकू येईल. तेव्हा मान खाली घालू नका. तीन प्रश्न विचारा: एररमध्ये नेमकं काय लिहिलंय? ही मर्यादा कोणी ठरवली? ती बदलायचं काम कोणाचं होतं? उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.

आणि अभ्यासिकेतल्या त्या पोरांना मी तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज देतो: तुम्हाला जमत होतं. तुम्हाला सांगितलं गेलं नव्हतं.